दुर्बिणीच्या फोटोत कोपऱ्यातले तारे बिघडतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान विदर्भातल्या गावांतून, वावरातून, धुऱ्यावर ट्रायपॉड लावून आकाशाचे फोटो काढणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गावी दुर्बिणीचं दुकान नसतं, लावून बघायला दुसरा फ्लॅटनर (कडांपर्यंत फोकस सपाट करणारं जोडभिंग) कोणाकडे मिळत नाही, आणि मागवलेला भाग चुकीचा निघाला तर तो परत पाठवण्यात अंधारा पंधरवडा निघून जातो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी दोष नेमका कुठे आहे, हे फोटोतूनच वाचता आलं पाहिजे. बहुतेक वेळा ते वाचता येतं. चारही कोपऱ्यांत तारे कोणत्या दिशेने ताणले गेलेत हे शांतपणे पाहिलं, तर निम्म्याहून जास्त शक्यता तिथेच गळून पडतात. स्क्रूला हात त्यानंतर.

मधले तारे बारीक आणि गोल, कोपऱ्यातले लांबट. सगळ्यात आधी काय पाहू?

स्टॅक करून (अनेक फ्रेम एकमेकींवर बसवून) रंग खुलवलेला फोटो बाजूला ठेवा आणि एकच कच्ची फ्रेम उघडा. ती १०० टक्के मोठी करून मध्य आणि चार कोपरे पाहा. एकेका फ्रेममध्ये कोपरे चांगले असतील आणि स्टॅकमध्येच तारे दुहेरी किंवा ओढल्यासारखे दिसत असतील, तर फ्रेम एकमेकींवर नीट बसलेल्या नाहीत. तो रजिस्ट्रेशनचा दोष आहे, दुर्बिणीला हात लावायचं कारण नाही.

एकाच फ्रेममध्ये दोष दिसला, तर कागदावर एक चौकोन काढा आणि प्रत्येक कोपऱ्यात ताऱ्याचा आकार पेन्सिलीने चितारा. हे काम वायफळ वाटतं, पण स्क्रीनवर एक कोपरा बघताना दुसरा डोळ्यांसमोरून गेलेला असतो. कागदावर चारही एकदम दिसतात.

आता चित्र वाचा. चारही कोपऱ्यांत सारखाच दोष असेल आणि तारे मध्याकडे तोंड करून ताणलेले किंवा मध्याभोवती गोल फिरल्यासारखे असतील, तर फोकसच्या पृष्ठभागाची वक्रता, कोमा (ताऱ्याला धूमकेतूसारखी शेपटी येणं) किंवा कॅमेऱ्याचं अंतर यांतलं काहीतरी आहे; गोल फिरल्यासारखे असतील, तर फ्रेमच फिरत असण्याचीही शक्यता आहे. एकच कोपरा किंवा एकच बाजू खराब असेल, तर काहीतरी तिरपं बसलंय. मध्यासकट सगळ्या फ्रेममध्ये तारे एकाच दिशेला लांबलेले असतील, तर दोष कोपऱ्यांचा नाहीच. ट्रॅकिंग (आकाशाबरोबर दुर्बीण फिरवणं), गाइडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून ते सुधारत राहणं), वारा किंवा ट्रायपॉडला लागलेला धक्का पाहा.

दोष भिंगाचा की माउंटचा (दुर्बीण धरून आकाशाबरोबर फिरवणाऱ्या आधाराचा), हे खात्रीने कसं ठरवायचं?

दोन चाचण्या आहेत आणि दोन्ही फुकट आहेत.

पहिली, छोटं एक्स्पोजर. त्याच जागी ५ सेकंदांची फ्रेम घ्या, आयएसओ किंवा गेन वाढवा. ५ सेकंदांत आणि ५ मिनिटांत कोपऱ्यातल्या ताऱ्याचा आकार सारखाच येत असेल, तर माउंट निर्दोष आहे. छोट्या फ्रेममध्ये तारे गोल आणि लांब फ्रेममध्ये बिघडलेले असतील, तर भिंग निर्दोष आहे. मध्याभोवती गोल फिरल्यासारखे तारे दोन अगदी वेगळ्या कारणांनी येतात: चुकलेलं बॅकफोकस (फ्लॅटनर ते सेन्सर अंतर) आणि फ्रेमचं फिरणं. नुसत्या नजरेने त्यांत फरक करता येत नाही, ही चाचणी तो करते.

दुसरी, फोकसमधून आरपार जाणं. फोकस थोडा आत घ्या, मग थोड्या थोड्या अंतराने बाहेर काढत प्रत्येक ठिकाणी एक फ्रेम घ्या. कुठेतरी चारही कोपरे एकदम सुधारले आणि त्याच वेळी मध्य बिघडला, तर फोकसचा पृष्ठभाग वक्र आहे. एक कोपरा सुधारताना समोरचा बिघडत असेल, तर टिल्ट, म्हणजे काहीतरी तिरपं बसलेलं. ताऱ्याचं लांबटपण फोकसच्या एका बाजूला आडवं आणि दुसऱ्या बाजूला उभं होत असेल, तर अॅस्टिग्मॅटिझम. आणि फोकस कुठेही नेला तरी कोपऱ्यातल्या ताऱ्याची शेपटी एकाच दिशेला राहत असेल, तर कोमा.

मला ही दुसरी चाचणी सगळ्यांत जास्त विश्वासाची वाटते. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यानंतर अंदाज बांधावा लागत नाही.

माझी ८० मि.मी.ची साधी रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) आहे. फ्लॅटनर खरंच लागतो का?

एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान, मध्यम आकाराचा) सेन्सर असेल, तर लागतो. दोन भिंगांच्या रिफ्रॅक्टरमध्ये तारे सपाट पडद्यावर फोकस होत नाहीत. फोकसचा पृष्ठभाग वाटीच्या आतल्या बाजूसारखा वाकलेला असतो आणि सेन्सर तर सपाट. या वाकाची त्रिज्या ढोबळमानाने नाभीय अंतराच्या एक तृतीयांश असते. ८० मि.मी. एफ/६ (नाभीय अंतर व्यासाच्या ६ पट) दुर्बिणीचं नाभीय अंतर ४८० मि.मी., म्हणजे त्रिज्या सुमारे १६० मि.मी. एपीएस-सी सेन्सरचा कोपरा मध्यापासून साधारण १४ मि.मी. दूर असतो. तिथे फोकस सुमारे ०.६ मि.मी. आधीच होऊन जातो. एफ/६ ला त्याचा अर्थ असा की, मध्यावर फोकस केलं तर कोपऱ्यातला तारा ०.१ मि.मी. व्यासाचा ठिपका होतो. ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर हे २६-२७ पिक्सेल झाले.

आता सेन्सर छोटा धरा, ११.३ मि.मी. चौरस. त्याचा कोपरा मध्यापासून ८ मि.मी.वर येतो आणि तोच फरक ०.२ मि.मी.वर उतरतो. मध्य आणि कोपरा यांच्या मधोमध फोकस केला, तर तो दोन्हीकडे निम्मा वाटला जातो. म्हणून छोट्या सेन्सरवाल्यांना काही काळ फ्लॅटनरशिवाय चालवता येतं. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा कोपरा तब्बल २१-२२ मि.मी. दूर असतो आणि हा दोष अंतराच्या वर्गाने वाढतो. तिथे पर्यायच नाही.

फ्लॅटनर घेतला, तरी चारही कोपरे वाईटच. फ्लॅटनर खराब निघाला का?

फार क्वचित. बहुतेक वेळा फ्लॅटनर आणि सेन्सर यांच्यातलं अंतर, म्हणजे बॅकफोकस चुकलेलं असतं. फ्लॅटनर ठरावीक अंतरावरच सपाट चित्र देतो. अनेक फ्लॅटनरना ते ५५ मि.मी. लागतं, पण सगळ्यांना नाही, तेव्हा आपल्या मॉडेलचा आकडा त्याच्या माहितीपत्रकातच पाहा. हे अंतर फ्लॅटनरच्या मागच्या धातूच्या खांद्यापासून सेन्सरपर्यंत मोजायचं. काचेपासून नाही आणि आट्यांच्या टोकापासूनही नाही.

कॅनन ईएफ माउंटच्या डीएसएलआरमध्ये सेन्सर लेन्स बसण्याच्या तोंडाच्या कडेपासून ४४ मि.मी. आत असतो आणि टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) ११ मि.मी.ची, बेरीज ५५. निकॉन एफमध्ये ४६.५ आणि ८.५, पुन्हा ५५. डीएसएलआरवाल्यांचं अंतर म्हणूनच सहसा आपोआप जुळतं. मिररलेसमध्ये तसं नाही: सोनी ई माउंटला १८, कॅनन आरएफला २० आणि निकॉन झेडला १६ मि.मी. असतात, बाकीचं अॅडाप्टरने भरून काढावं लागतं. डीएसएलआर विकून मिररलेस घेतल्यावर कोपरे अचानक बिघडले, तर पहिली शंका इथेच घ्या. थंड करता येणाऱ्या खगोल कॅमेऱ्यांपैकी अनेकांत सेन्सर १७.५ मि.मी. आत असतो. त्यांना २१ आणि १६.५ मि.मी.चे स्पेसर (अंतर वाढवणाऱ्या कड्या) जोडले की ५५ होतात. आपल्या कॅमेऱ्याचा आकडा मात्र त्याच्या नकाशावरून तपासून घ्या, कारण ११ मि.मी.ची पुढची कडी काढली की तोच आकडा ६.५ होतो.

फ्लॅटनर आणि सेन्सरच्या मध्ये फिल्टर असेल, तर काचेच्या जाडीच्या एक तृतीयांशाइतकं अंतर वाढवावं लागतं. २ मि.मी. जाड फिल्टरसाठी सुमारे ०.७ मि.मी., म्हणजे ५५ ऐवजी ५५.७. अनेकांचा घोळ या ०.७ मध्येच असतो.

अंतर कमी आहे की जास्त, हे ताऱ्यांवरून कळतं का?

बहुतेक फ्लॅटनरमध्ये कळतं. कोपऱ्यातले तारे मध्याकडे रोखलेल्या रेषांसारखे ताणलेले असतील, तर सेन्सर फ्लॅटनरच्या फार जवळ आहे; स्पेसर वाढवा. तारे मध्याभोवती फेर धरल्यासारखे असतील, तर सेन्सर फार दूर आहे. स्पेसर कमी करा. काही करेक्टरमध्ये हा नियम उलटा पडतो, म्हणून एकदा १ मि.मी. बदलून कोपरे सुधारतात की बिघडतात हे पाहून दिशा पक्की करा. त्यानंतर ०.५ आणि शेवटी ०.२ मि.मी.च्या पायरीने जा. प्रत्येक बदलानंतर मध्यावर पुन्हा फोकस करायला विसरू नका, नाहीतर तुम्ही अंतराची नाही, फोकसची चाचणी घेत असता.

अर्धा-एक मि.मी.च्या कड्या इथे कुठून आणू? लेथवाल्याकडून करून घेतल्या तर चालतील?

उत्तम चालतील, आणि माझा सल्लाही तोच आहे. तालुक्याच्या गावात मोटरपंपाचे शाफ्ट आणि ट्रॅक्टरचे बुश बनवणारा टर्नर सहसा असतोच. त्याच्याकडून आट्या नसलेल्या, दोन्ही बाजू समांतर असलेल्या अॅल्युमिनियमच्या सपाट कड्या करून घ्या: १, ०.५ आणि ०.३ मि.मी. त्या आट्यांच्या जोडावर खांद्यामध्ये बसतात. सांगताना आतला-बाहेरचा व्यास आणि जाडी तर सांगाच, पण जाडी सगळीकडे सारखी हवी हे ठासून सांगा. एका बाजूला ०.१ मि.मी. जाड कडी तुमचा बॅकफोकस दुरुस्त करेल आणि त्याच वेळी टिल्ट घालेल. घेताना डिजिटल कॅलिपरने चार ठिकाणी मोजा.

आट्यांचा पूर्ण स्पेसर करून घ्यायचा असेल, तर एम४२ आणि एम४८ या दोन्हींचा आट्यांचा पीच खगोलाच्या सामानात ०.७५ मि.मी. असतो. शक्य असेल तर नमुन्याला जुनी कडी बरोबर न्या.

थ्रीडी प्रिंटच्या पीएलए कड्या आपल्याकडे टाळा. पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत किंवा टिनाच्या खोलीत तेवढी उष्णता सहज होते. कडी दिसायला तशीच राहते, पण समांतर राहत नाही.

न्यूटोनियनमध्ये (आरशाच्या दुर्बिणीत) कोपऱ्यातले तारे छोट्या धूमकेतूंसारखे दिसतात. आरसा खराब आहे का?

आरसा खराब नाही. पॅराबोलिक आरसा मध्यावर निर्दोष चित्र देतो आणि मध्यापासून दूर जाताना कोमा देतो, हा त्याचा स्वभावच आहे. शेपटीची लांबी मध्यापासूनच्या अंतराच्या सरळ प्रमाणात वाढते आणि एफ-अंकाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. मध्यापासून १४ मि.मी.वर एफ/५ आरशाचा कोमा सुमारे ०.१ मि.मी. लांब असतो, एफ/४ ला ०.१६ आणि एफ/८ ला फक्त ०.०४. डोळ्याने बघणाऱ्यांनी वाखाणलेली एफ/५ दुर्बीण कॅमेऱ्याला रुसल्यासारखी वाटते, ती यामुळे.

उपाय म्हणजे कोमा करेक्टर, आणि त्यालाही नेमकं बॅकफोकस लागतं. पण करेक्टर घेण्याआधी कॉलिमेशन करा, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवा. कॉलिमेशन चुकलं की कोमा नसलेला बिंदू फ्रेमच्या मध्यावरून सरकतो, एका बाजूचे कोपरे चांगले आणि समोरचे फार वाईट दिसतात, आणि माणूस त्याला टिल्ट समजून कॅमेऱ्याचे स्क्रू फिरवत बसतो. शेपट्यांच्या रेषा मागे वाढवून पाहा. त्या जिथे मिळतात तो बिंदू फ्रेमच्या मध्यावर नसेल, तर आधी आरसे जुळवा. बैलबंडीतून किंवा मोटारसायकलवर बांधून नेलेली दुर्बीण तर दर वेळी तपासायलाच हवी. लेझरने तपासत असाल, तर आधी लेझरच सरळ आहे का बघा: तो फोकसरमध्ये जागच्या जागी फिरवला आणि आरशावरचा ठिपका गोल फिरला, तर लेझरलाच कॉलिमेशन हवं आहे.

एकच कोपरा खराब आहे. टिल्ट कुठून येतो ते कसं शोधू?

टिल्टसाठी फार मोठा वाकडेपणा लागत नाही. एफ/५ ला फोकसची पूर्ण सहनशीलता ढोबळ हिशेबाने ०.०६७ मि.मी. असते, एफ/४ ला ०.०४३. एपीएस-सी सेन्सरची एक कड दुसरीपेक्षा ०.१ मि.मी. पुढे असली, म्हणजे कागदाच्या जाडीइतकी, तरी एफ/५ ला दोन्ही कडांचे तारे अडीच-तीन पिक्सेलने पसरतात. एफ/१० ला तोच वाकडेपणा निम्म्यावर येतो, म्हणून वेगवान दुर्बिणीवर गेल्यावर जुना कॅमेरा एकदम तिरपा झाल्यासारखा वाटतो.

शोधायची पद्धत अशी. फ्लॅटनर तसाच ठेवून फक्त कॅमेरा १८० अंश फिरवा आणि पुन्हा फ्रेम घ्या. खराब कोपरा फोटोत त्याच जागी राहिला, समजा वर डावीकडे होता आणि अजूनही वर डावीकडेच आहे, तर दोष कॅमेऱ्याबरोबर फिरला: सेन्सर, टी-रिंग किंवा कॅमेऱ्याला घट्ट असलेला अॅडाप्टर. खराब कोपरा फोटोत समोर गेला, तर दोष जागेवरच राहिला: फ्लॅटनर, फोकसर, कॉलिमेशन.

फोकसरकडे बोट गेलं, तर पुढची चाचणी आकाशाच्या दोन ठिकाणी घ्या. आधी डोक्यावर, मग क्षितिजापासून तीसेक अंशांवर. आपल्या अक्षांशावर हिवाळ्यात कृत्तिका जवळजवळ माथ्यावरून जातात, त्या सोयीच्या आहेत. दुर्बीण उभी असताना रिफ्रॅक्टरच्या फोकसरवर वजन नळीच्या दिशेने येतं आणि तो लोंबत नाही. माथ्यावर कोपरे चांगले, खाली वाईट, याचा अर्थ फोकसर वजनाने झुकतोय.

झुकणाऱ्या जोडांत पहिला आरोपी म्हणजे २ इंची नळी आणि तिला एका बाजूने दाबणारे दोन अंगठ्याचे स्क्रू. स्क्रू आवळताना ते कॅमेऱ्याला समोरच्या भिंतीवर ढकलतात आणि तो तिरपा बसतो. जिथे शक्य असेल तिथे सगळे जोड आट्यांचे करा. माझ्या मते याइतका फरक पाडणारा दुसरा स्वस्त बदल नाही. त्यानंतर फोकसरचा ताण देणारा स्क्रू पाहा, आणि डीएसएलआर असेल तर सैल टी-रिंग पाहा. कॅमेरा हाताने हलवल्यावर टक्क असा जरासा जरी आवाज आला, तरी टिल्ट तिथे आहे.

मेरिडियन फ्लिपनंतर (लक्ष्य आकाशाची मध्यरेषा ओलांडताना दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला उलटवल्यावर) खराब कोपरा फोटोत दुसऱ्या बाजूला जातो.

वजनाने झुकणं. सेन्सर कारखान्यातूनच तिरपा असता, तर फ्लिपनंतरही खराब कोपरा त्याच जागी राहिला असता.

सेन्सरच तिरपा आहे हे सिद्ध झालं. आता?

कॅमेऱ्याला टिल्ट प्लेट असेल, तर तिचे स्क्रू वापरा. सेन्सर लहान आणि प्लेट मोठी, त्यामुळे हालचाल मोजून करावी लागते. २३.५ मि.मी. रुंद सेन्सरवर ०.१ मि.मी. दुरुस्ती हवी आणि स्क्रू ७० मि.मी. अंतरावर असतील, तर तिथे ०.३ मि.मी. हलवावं लागेल. एम३ स्क्रूचा एक फेरा ०.५ मि.मी.चा, म्हणजे अर्ध्या फेऱ्याहून थोडं जास्त. एका वेळी एकच स्क्रू, किती फिरवला ते वहीत, आणि पुन्हा फोकस करून नवी फ्रेम.

टिल्ट प्लेट नसेल, तर अॅडाप्टरच्या खांद्याखाली एका बाजूला फॉइलची पट्टी घालता येते. स्वयंपाकघरातली फॉइल साधारण ०.०१ ते ०.०२ मि.मी. जाड असते, घड्या घालत वाढवा. उघड्या कॅमेऱ्याच्या आत मात्र फॉइलचा तुकडा जाऊ देऊ नका. कॅमेरा उघडून सेन्सरचे स्क्रू फिरवण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. क्रॉप करणं त्यापेक्षा हजारपट बरं.

काळ्या जमिनीत ट्रायपॉड खचतो. त्याने कोपरे बिघडतात का?

बिघडू शकतात. कपाशीची भारी काळी जमीन ओलीत असताना मऊ असते, सुकताना फाटते, आणि रात्रभरात ट्रायपॉडचा एक पाय हळूच खाली जातो. ध्रुवाचा मेळ (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असणं, म्हणजे पोलर अलाइनमेंट) सुटतो. गाइडिंग चालू असेल, तर गाइड तारा जागेवर राहतो आणि बाकी आकाश त्याच्याभोवती फिरतं. कोपरे कमानीसारखे ओढले जातात.

पण किती? ध्रुव साधताना १० कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) चूक असली, तर ५ मिनिटांच्या फ्रेममध्ये, ६० अंश क्रांतीवर (खगोलीय विषुववृत्तापासून ६० अंशांवर), कोपऱ्यातला तारा जास्तीत जास्त अर्धा पिक्सेल सरकतो. ते दिसतसुद्धा नाही. पूर्ण १ अंशाची चूक असेल, तर सुमारे ३ पिक्सेल. पोलर अलाइनमेंटवर लोक जितका राग काढतात, तितकी ती सहसा दोषी नसते. मात्र खचलेला पाय १ अंशापर्यंत सहज नेतो. तिन्ही पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे ठेवा आणि ओलीत झालेल्या वाफ्यात ट्रायपॉड लावू नका.

आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून २० ते २१ अंशांवरच असतो. उत्तरेला आंब्याचं किंवा मोहाचं झाड आलं की तो गेलाच. अशा वेळी अंदाजाने माउंट रोखण्यापेक्षा जागा बदला, नाहीतर ध्रुव न दिसताही चालणारी ड्रिफ्ट पद्धत शिका.

शाळेने छोटी स्मार्ट दुर्बीण घेतली आहे. तिच्या फोटोत कडा फिरल्यासारख्या का दिसतात?

ती दुर्बीण वर-खाली आणि डावी-उजवी अशी फिरते, आकाशाच्या अक्षाभोवती फिरत नाही. त्यामुळे फ्रेम सतत वळत असते. आपल्या अक्षांशावर दक्षिणेला, ४५ अंश उंचीवर हा वेग ताशी सुमारे २० अंश असतो. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या सेन्सरवर १० सेकंदांत कोपरा एक पिक्सेल सरकतो, ३० सेकंदांत तीन. म्हणून १० सेकंदांच्या फ्रेमवरच राहा. अगदी पूर्वेला किंवा पश्चिमेला हे फिरणं जवळजवळ थांबतं, आणि माथ्याजवळ फार वाढतं. मुलांना दाखवायचं लक्ष्य निवडताना हे लक्षात ठेवा.

तारे सगळीकडे त्रिकोणी दिसतात.

आरशाच्या क्लिपा किंवा भिंगाची कडी फार आवळलेली आहे. आरशाच्या क्लिपांखाली कागद सरकेल इतकी ढील हवी.

न्यूटोनियनमध्ये मोठ्या ताऱ्यांचा एका बाजूने घास घेतल्यासारखा दिसतो.

फोकसरची नळी आत डोकावून आरशाचा प्रकाश अडवते आहे. मुख्य आरसा थोडा पुढे आणून किंवा नळी आखूड करून हे सुटतं.

संध्याकाळी कोपरे चांगले, पहाटे वाईट. काय बदलतं?

तापमान. ६०० मि.मी.ची अॅल्युमिनियमची नळी २५ अंशांवरून १२ अंशांवर आली की सुमारे ०.१८ मि.मी. आखडते, आणि एफ/५ ची सहनशीलता ०.०६७ एवढीच. फोकस सुटतो तेव्हा मध्यावर ते थोडं झाकलं जातं, कोपऱ्यात लगेच उघडं पडतं. दर तासाला किंवा दर २ अंशांना फोकस तपासा. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बगीच्यांत डिसेंबरमध्ये दवही भरपूर पडतं, पण दवाने तारे सगळीकडेच फुगतात आणि त्यांच्याभोवती धुकट वलय येतं. ते वेगळं ओळखू येतं. पुढच्या भिंगाला हीटरची पट्टी बांधा.

ओमेगा सेंटॉरी काढताना ताऱ्यांना वर निळी आणि खाली लाल कड येते.

विदर्भातून हा गुच्छ जास्तीत जास्त २२ अंशांच्या आसपास वर येतो. एवढ्या खाली हवेचा थर जाड असतो आणि तो रंग वेगळे करतो. कोपऱ्यांशी याचा संबंध नाही. तो दक्षिणेला सर्वांत उंच असताना काढा आणि स्टॅक केल्यावर तिन्ही रंग वेगळे जुळवा.

दुर्बीण नाही, ट्रॅकरवर ५० मि.मी. एफ/१.८ लेन्स आहे. कोपऱ्यात तारे पंख पसरलेल्या पक्ष्यासारखे येतात.

कोमा आणि अॅस्टिग्मॅटिझम एकत्र. छिद्र एफ/४ पर्यंत बंद करा, बहुतेक पक्षी उडून जातील. प्रकाश कमी होतो, त्याची भरपाई जास्त फ्रेम घेऊन करा.

हे सगळं सॉफ्टवेअरने करता येत नाही का?

निदान करता येतं, आणि फुकट. ॲस्टॅप आणि सिरिल या दोन्हींत फ्रेमच्या वेगवेगळ्या भागांतले तारे मोजून टिल्ट दाखवण्याची सोय आहे. निना (कॅमेरा आणि दुर्बीण चालवणारा प्रोग्राम) वापरत असाल, तर हॉकस फोकस प्लगइन फोकसमधून आरपार जाण्याची चाचणी स्वतःच करतो. त्यांचे आकडे एकाच फ्रेमवरून मान्य करू नका. हवा अस्थिर असेल तर ते दर फ्रेमला बदलतात. पाच-सहा फ्रेममध्ये तोच कोपरा पुन्हा पुन्हा आला, तरच खरा.

दुरुस्तीसाठी ब्लरएक्सटर्मिनेटरसारखी विकतची साधनं आहेत आणि ती कोपऱ्यांतले थोडे लांबट तारे खरोखर गोल करतात. मी त्यांच्या विरोधात नाही. पण २५ पिक्सेल पसरलेल्या ताऱ्याचा प्रकाश शेजारच्या अंधुक तारकामेघात आधीच सांडलेला असतो, तो परत गोळा करता येत नाही. आधी दोष दोन-तीन पिक्सेलपर्यंत आणा, मग सॉफ्टवेअर.

कधी थांबायचं?

पूर्ण फोटो तुम्ही ज्या आकारात दाखवणार आहात, त्या आकारात कोपरे खटकत नसतील तेव्हा. देवयानी दीर्घिकेसारखं मोठं लक्ष्य फुल फ्रेमच्या कडेपर्यंत पसरत असेल, तर मेहनत घ्या. छोटी दीर्घिका मधोमध असेल, तर कडेचे १० टक्के कापा आणि पुढच्या लक्ष्याकडे वळा.

चाचणीसाठी रात्र कोणती निवडू?

चांदण्याची. पौर्णिमेच्या आसपास तारकामेघ निघत नाहीत, पण ताऱ्यांच्या आकाराला चांदणं आड येत नाही. चंद्रापासून दूर, उंचावर, ताऱ्यांनी गच्च भरलेला भाग घ्या: दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी हंस किंवा शर्मिष्ठा, थंडीत सारथी. टिल्ट, बॅकफोकस, कॉलिमेशन ही सगळी कामं तेव्हा उरकून घ्या. पावसाळ्याच्या महिन्यांत घरात बसून कॅलिपरने प्रत्येक स्पेसर मोजा आणि आकडा त्याच्यावरच मार्करने लिहा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, इतका काळोख अजून आपल्या जिल्ह्यांत शिल्लक आहे. अमावस्येच्या रात्री तिथे किंवा आपल्या वावरात पोचाल, तेव्हा पाना पेटीतच राहू द्या आणि पहिली फ्रेम लगेच सुरू करा.